पश्चात्तापाची साक्ष कोण देणार?
रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या जीवनावरून एक चिंतन



उपवासकाळात आपल्यापैकी बहुतेक जण पापनिवेदनाला जातात. वर्षभर न फिरकलेली माणसेही त्या दिवसांत रांगेत दिसतात. गुडघे टेकून आपण पापांची कबुली देतो, डोळे पाणावतात, धर्मगुरूंच्या मुखातून क्षमेचे शब्द ऐकतो आणि सांगितलेले प्रायश्चित्त पुरे करून हलक्या मनाने घरी परततो. हे फार मोठे वरदान आहे. पण घराच्या उंबरठ्याच्या आत पुढे काय होते? ज्या बायकोला आपण चारचौघांत टाकून बोललो, ज्या भावाच्या शेताचा बांध कोरला, ज्या मजुराची मजुरी अडवून ठेवली, त्यांना आपल्या पापनिवेदनाचा काही पत्ता लागतो का?

पश्चात्ताप या शब्दाचा अर्थ नंतर होणारा ताप, मागाहून लागणारी जळजळ. चूक झाल्यावर मनाला चटका बसतो, तो पश्चात्ताप. शुभवर्तमान ज्या ग्रीक भाषेत लिहिले गेले, त्या भाषेतला शब्द मात्र याहून पुढे जातो. तो शब्द आहे मेटानोइया. त्याचा अर्थ मन पालटणे, वळणे. चटका बसला तरी माणूस त्याच वाटेने चालत राहू शकतो. वळलेला माणूस दुसऱ्या वाटेला लागतो, आणि तो वळला की नाही हे त्याच्याबरोबर चालणाऱ्यांना सगळ्यांत आधी कळते.

हे समजून घेण्यासाठी आज आपण एका मराठी माणसाचे जीवन पाहू. ते फार दूरचे नाहीत. नरखेडहून गाडीत बसले की ज्या नागपूरला आपण दवाखान्यासाठी, कोर्टकचेरीसाठी, संत्र्याच्या व्यवहारासाठी जातो, त्याच नागपुरात ते राहिले होते. त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा प्रवासही त्याच स्थानकावरून सुरू झाला. ते म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. टिळक आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, ते प्रॉटेस्टंट होते. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयी जो आदेश दिला, त्यात इतर पंथांतील बंधूंच्या जीवनात दिसणारे ख्रिस्ताचे धन आनंदाने ओळखावे असे आपल्याला शिकवले आहे. त्या भावनेनेच हे जीवन वाचू या.

आईची माया, वडिलांचा धाक

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. घर चित्पावन ब्राह्मणाचे. आई जानकीबाई प्रेमळ, भाविक आणि काव्याची आवड असलेली. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक आणि तापट. घरात आईच्या ओव्या आणि वडिलांचा धाक असे दोन वारे वाहत होते. दोन्ही मुलाच्या अंगात उतरले. आईकडून काव्य आले, श्रद्धा आली, दुसऱ्याचे दुःख पाहून पाघळणारे मन आले. वडिलांकडून राग आला.

आई लवकर गेली आणि मुलाचे घरातले मन उडाले. नारायण नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत काव्याचा अभ्यास झाला. थोडे इंग्रजी शिक्षण झाले, पण ते अर्धवट राहिले. बुद्धी तेज होती, वाणी रसाळ होती, कविता आपोआप सुचत होती. एका जागी टिकून राहणे मात्र जमत नव्हते.

१८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर गावच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. मुलीचे वय अकरा वर्षांचे. माहेरचे नाव मनकर्णिका. सासरी ती लक्ष्मी झाली. हीच पुढे मराठी साहित्यात अजरामर झालेली लक्ष्मीबाई टिळक.

कोणाचेही न ऐकणारा माणूस

या दांपत्याचा सुरुवातीचा संसार वाचला की लक्ष्मीबाईंची कीव येते. टिळकांनी कधी शिक्षकी केली, कधी पुराण-कीर्तन केले, कधी छापखान्यात खिळे जुळवले. एक नोकरी धरायची, मनाविरुद्ध काही झाले की सोडायची आणि दुसऱ्या गावाचा रस्ता धरायचा. हातात पैसा आला की तो पुस्तकांत जाई नाहीतर मागणाऱ्याच्या हातात पडे. घरात पीठ-मीठ आहे का, हा प्रश्न त्यांच्या मनात येतच नसे. राग आला की तो आवरत नसे. रागाच्या भरात ते घर सोडून निघून जात आणि कोठे गेले हे मागे राहिलेल्या बायकोला कळत नसे.

टिळक व्यसनी नव्हते, लबाड नव्हते, कोणाचे द्रव्य त्यांनी लुबाडले नाही. उलट त्यांच्यासारखा उदार आणि निर्मळ मनाचा माणूस शोधून सापडला नसता. लोक त्यांच्यावर जीव टाकत. त्यांचा दोष वेगळ्या जातीचा होता. ते स्वतःच्या मनाचे राजे होते. आपल्याला जे वाटले ते आत्ता, या क्षणी झाले पाहिजे, मग त्याची किंमत घरातल्या माणसाने मोजली तरी चालेल, असा तो स्वभाव होता. अशा दोषाला जगात कोणी पाप म्हणत नाही. उलट मनस्वी म्हणून त्याचे कौतुक होते. पण त्याची झळ कोणाला लागते हे त्या घरातल्या बायकोला विचारावे. आपल्या घरांतही अशी माणसे आहेत. बाहेर देवमाणूस म्हणून नावाजलेली आणि घरात सगळ्यांना धाकात ठेवणारी.

यातही एक गोष्ट नोंदली पाहिजे. याच टिळकांनी आपल्या अशिक्षित बायकोला वाचायला शिकवले. त्या काळी घरची मंडळी त्याला हसत असत. देवाने पेरलेले बी त्या मनात होते. त्यावर आलेले तण काढायचे बाकी होते.

नागपूर आणि तो प्रवास

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला आले. येथील धनिक आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय त्यांना लाभला. संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले आणि ‘ऋषी’ नावाचे धर्मविषयक मासिकही त्यांनी चालवले. त्यांच्या मनात तेव्हा मोठी घालमेल चालली होती. जातिभेदाने समाज पोखरला आहे, रूढींच्या ओझ्याखाली माणूस चिरडतो आहे, हे त्यांना दिसत होते. देव सर्वांचा पिता आहे आणि माणसे सगळी भावंडे आहेत, अशा पायावर आपणच एक नवा धर्ममार्ग काढावा, असेही विचार त्यांच्या मनात घोळत होते.

पुढे नोकरीसाठी त्यांना राजनांदगाव संस्थानात जावे लागले. १८९३ च्या सुमाराची ही गोष्ट. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत त्यांची गाठ अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या एका परदेशी मिशनऱ्याशी पडली. या साहेबाने त्यांना आदराने वागवले, त्यांच्याशी काव्याच्या आणि धर्माच्या गोष्टी केल्या, पवित्र शास्त्राची एक प्रत हातात दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ताचे व्हाल, असे भाकीतही त्याने केले. टिळकांना ते पटले नाही. पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

वाचता वाचता ते संत मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तेथेच थांबले. आजवर त्यांनी कितीतरी ग्रंथ वाचले होते. हा ग्रंथ त्यांना वाचू लागला. ज्या प्रश्नांची उत्तरे ते आपल्या बुद्धीने शोधत होते, ती तेथे होती. त्याबरोबर त्यांनी कधी न विचारलेले प्रश्नही होते. खून करू नये हे तर सगळेच सांगतात. प्रभू येशू तेथे रागाबद्दल बोलतो. भावाला हिणवणाऱ्या शब्दाबद्दल बोलतो. वेदीवर अर्पण आणलेल्या माणसाला तो सांगतो, की तुझ्याविरुद्ध कोणाच्या मनात काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर आणि मग ये. नवा धर्म काढू पाहणाऱ्या पंडिताला येथे गुरू भेटला. आपण कोणाचे तरी ऐकले पाहिजे, हे मनस्वी टिळकांना आयुष्यात प्रथम उमगले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

वळण पुरे झाले होते का?

अनेक चरित्रे येथे संपतात. माणूस ख्रिस्ताकडे आला, आता सारे चांगले झाले, असे आपल्यालाही वाटते. टिळकांच्या जीवनात मात्र सर्वांत कठीण भाग येथून सुरू झाला.

हे पाऊल उचलण्यापूर्वी त्यांनी बायकोला सांगितले नव्हते. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत होत्या. बातमी तेथे येऊन पोचली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. आज आपल्याला त्या काळाची कल्पना येणार नाही. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही. कपाळाला कुंकू आहे, पण संसार नाही. त्याच्या हातचे पाणी प्यायले तर जात जाते, नाही गेले तर जन्माचा एकटेपणा येतो. बहिणीच्या आणि नातलगांच्या आधाराने त्यांनी पंढरपुरात दिवस काढले. शरीर खंगले, मन सैरभैर झाले. सुमारे साडेचार वर्षे अशी गेली.

तेव्हा टिळकांचे देवाशी नाते जुळले होते, पण ज्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना जिंकले त्यातलीच आज्ञा त्यांच्यापुढे उभी होती. वेदीपाशी ते आले होते आणि पंढरपुरात त्यांच्यामुळे होरपळलेली एक बाई होती. धर्मांतर हा त्यांचा पश्चात्ताप नव्हता, हे आपण नीट लक्षात घ्यावे. हिंदू घरात जन्मणे हे काही पाप नाही. आपल्या आईच्या भक्तीचे ऋण टिळक जन्मभर मानत राहिले आणि संतांच्या अभंगवाणीतूनच त्यांनी ख्रिस्ताची भक्ती गायली. त्यांना वळायचे होते ते स्वतःच्या हट्टापासून, रागापासून, आपल्या मनाप्रमाणे दुसऱ्याला ओढत नेण्याच्या सवयीपासून. या वाटेवर एका बाप्तिस्म्याने भागत नाही. रोज नव्याने वळावे लागते.

वाट पाहायला शिकलेला माणूस

या काळात टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. धर्मशिक्षण घेणाऱ्यांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे होते. पत्रे जात होती, निरोप जात होते, मध्ये भेटीही झाल्या. एकदा आलेला राग आणि एकदा घेतलेला निर्णय यांच्यामध्ये ज्या माणसाने कधी एक रात्रही जाऊ दिली नव्हती, त्याला आता वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

अखेर लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे जायचे ठरवले. त्या आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नाही. आपले सोवळे-ओवळे, आपला आचार सांभाळून राहायचे, असे त्यांचे ठरले होते. टिळकांनी ते मान्य केले. एका घरचे दोन आचार झाले. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत एक पाळकवृत्तीचा माणूस आणि त्याची सोवळ्यातली बायको, असा तो संसार. लोकांना त्याचे नवल वाटले असेल. टिळकांनी आपला विश्वास तिच्यावर लादला नाही.

बंधू-भगिनींनो, येथे थोडे थांबू या. ज्या गोष्टीसाठी सर्वस्व सोडले, ती गोष्ट बायकोने स्वीकारावी असे टिळकांना किती वाटत असेल! जुने टिळक असते तर काय झाले असते? भांडण झाले असते, घर सोडून निघून जाणे झाले असते. ज्या ठिकाणी आपण पूर्वी घसरलो, त्याच ठिकाणी पुन्हा उभे राहून न घसरणे, हा पश्चात्तापाचा मोठा पुरावा आहे. टिळकांची परीक्षा त्यांच्याच स्वयंपाकघरात झाली.

लक्ष्मीबाईंचे मन आपल्याच चालीने पालटत गेले. जातीची उतरंड देवाने केलेली नाही, ती माणसांनी केली आहे, असा विचार एके दिवशी त्यांच्या मनात लख्ख उमटला आणि जन्मभर जपलेले सोवळे गळून पडले. कोणी ओढले नाही, कोणी ढकलले नाही. १९०० साली त्यांनी दत्तूसह बाप्तिस्मा घेतला.

राग गेला का?

आता एक प्रामाणिक प्रश्न. टिळकांचा राग गेला का? तर पुरता गेला नाही. हे आपल्याला लक्ष्मीबाईंकडूनच कळते. त्यांनी लिहिलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ख्रिस्ती झाल्यानंतरचे टिळकही कधी तापतात, कधी हट्ट करतात, हातचा पैसा उधळून मोकळे होतात. घरात खटके उडतात. पण ते खटके वाचताना आता आपल्याला हसू येते, कारण त्या सांगण्यात भीती राहिलेली नाही. धाकात वाढलेली अकरा वर्षांची मुलगी आता नवऱ्याला उत्तर देते, त्याची थट्टा करते, त्याच्या कवितेला कवितेने जबाब देते. ज्या घरात दुबळ्या माणसाला हसता येते, त्या घरात काहीतरी खरोखर बदललेले असते.

शिवाय जो स्वभाव पूर्वी घर मोडत होता, तोच आता घर वाढवू लागला. दुष्काळाने आणि प्लेगने त्या काळी महाराष्ट्र हैराण झाला होता. टिळकांच्या घराची दारे निराधारांना उघडी झाली. अनाथ लेकरे आली, विद्यार्थी आले, कवी आले. निसर्गकवी म्हणून प्रसिद्ध असलेले बालकवी ठोंबरे हिंदूच होते. ते या घरात मुलासारखे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना आईची माया दिली. टिळकांचा हात पूर्वीइतकाच सैल होता, पण आता त्या औदार्यात दोघे सामील होते. पूर्वी एकाने द्यायचे आणि दुसरीने उपाशी राहायचे, असे होते. आता जे होते ते दोघांनी मिळून वाटले.

१९०४ मध्ये टिळकांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. नगर आणि राहुरी येथे त्यांनी सेवा केली. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’ या जुन्या ख्रिस्ती पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. त्यांची ख्रिस्ती भजने शंभराहून अधिक आहेत. मराठी मातीच्या चालीवर ख्रिस्ताला आळवणारी ती भजने पंथापंथांच्या भिंती ओलांडून गेली.

शेवटचे वळण

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी पुन्हा एक पाऊल उचलले. मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा ख्रिस्ताच्या सर्व शिष्यांनी तेथे भावंडांसारखे एकत्र यावे, अशी त्यांची इच्छा होती. तरुणपणी ते संसाराला कंटाळून घर सोडत. त्यात पळ काढणे होते. आताच्या सोडण्यात स्वतःला देऊन टाकणे होते. एकच कृती, पण आतले मन वेगळे.

हा दरबार फार दिवस चालला नाही. प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांचे विश्रांतिस्थान नगरला आहे.

प्रभू येशूचे चरित्र ओवीत सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते अपुरे राहिले. पुढचे साठाहून अधिक अध्याय कोणी लिहिले? लक्ष्मीबाईंनी. जिला न सांगता टिळक ख्रिस्ताच्या मागे गेले होते, तिनेच त्यांचे ख्रिस्ताचे गाणे पुरे केले. मग १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईही देवाघरी गेल्या.

या पुस्तकात त्यांनी नवऱ्याचा एकही दोष झाकला नाही. तरीही ते पुस्तक वाचून खाली ठेवताना टिळकांबद्दल आपल्या मनात प्रेमच उरते, कारण ते लिहिणाऱ्या बाईच्या मनात प्रेमच उरले होते. टिळकांच्या पश्चात्तापाची साक्ष ना मिशनने दिली, ना त्यांच्या प्रवचनांनी. ज्या व्यक्तीला त्यांनी सर्वाधिक दुखावले, तिने ती दिली.

आपल्यासाठी

या जीवनावरून आपण काय घ्यावे?

आपली ख्रिस्तसभा शिकवते की पापनिवेदन संस्कारात पापी माणसाकडून तीन गोष्टी लागतात. मनापासून झालेले दुःख, पापांची कबुली आणि भरपाई. पहिल्या दोन आपल्याला ठाऊक आहेत. तिसरी आपण दोन-तीन प्रार्थना म्हणून उरकतो. पाप क्षमा झाले तरी पापाने केलेली मोडतोड आपोआप सांधली जात नाही. चोरले असेल ते परत करावे लागते. कोणाची बदनामी केली असेल तर जिथे केली तिथेच त्याचे नाव पुन्हा उजळ करावे लागते. दुखावले असेल तर फुंकर घालावी लागते. जक्कयचे उदाहरण आठवा. प्रभू त्याच्या घरी आला तेव्हा त्याने फक्त डोळे पुसले नाहीत. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे त्याने सर्वांसमक्ष कबूल केले.

पेत्र आणि यहूदा या दोघांनाही आपल्या पापाचे दुःख झाले. यहूदाने तर चांदीची नाणीही परत नेऊन टाकली. पण तो एकटाच अंधारात गेला. पेत्र रडला आणि तरी मित्रांमध्ये राहिला, आणि पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर दिसताच पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला. दुःख माणसाला एकटे करू लागले, तर ते अजून पश्चात्ताप झालेले नाही. खरा पश्चात्ताप माणसाला दुखावलेल्याकडे आणि देवाकडे परत नेतो.

आपल्या संत्र्याच्या बागांचेच घ्या. आंबिया बहारासाठी आपण झाडाचे पाणी तोडतो, बागेला ताण देतो. पाने मलूल होतात. नवख्याला वाटेल झाड चालले. मग पाणी सुटते, फेब्रुवारीत बाग फुलाने डवरते आणि सगळा शिवार घमघमतो. पण ताणाला कोणी पीक म्हणत नाही, फुलालाही म्हणत नाही. फूल गळते, कैरी गळते, रोग येतो, गारपीट येते. तितके महिने जपल्यावर दिवाळीच्या आगेमागे फळ हाती येते. उपवासकाळातले आपले उपास म्हणजे ताण. पापनिवेदनातले अश्रू म्हणजे फूल. फळ त्यानंतर धरते आणि ते घरात, शेतात, बांधावर धरते. बाप्तिस्मा करणारा योहान पश्चात्तापाला शोभेल असे फळ मागत होता, ते हेच.

टिळकांना त्यांच्या फळासाठी चोवीस वर्षे मिळाली. १८९५ ते १९१९. त्या सगळ्या वर्षांत ते पडले, उठले, पुन्हा वळले. म्हणून कोणी असे म्हणू नये की माझा स्वभावच असा आहे, आता या वयात काय बदलणार. स्वभाव सगळा जाईलच असे नाही. पण त्याच्या धाकात घरातली माणसे जगतात की त्याच्यावर घरातली माणसे हसू शकतात, एवढा फरक देवाच्या कृपेने नक्की पडू शकतो.

येत्या पापनिवेदनाआधी एक करून पाहू या. कागदावर पापांची यादी करतो तशी एक नावांची यादी करू. कोणाच्या मनात माझ्याविषयी घाव आहे? बायको असेल, नवरा असेल, म्हातारी आई असेल, वेगळा झालेला भाऊ असेल, शेतावरची मजूर बाई असेल. त्यातल्या एका तरी माणसाकडे आधी जाऊ. दोन शब्द बोलू. देणे असेल तर देऊन टाकू. मग वेदीपाशी येऊ. आपण खरोखर वळलो का, हे आपण स्वतः ठरवू नये. ते त्या माणसाला ठरवू द्यावे.

दयाळू पित्याने आपणा सर्वांना ती कृपा द्यावी. आमेन.